शिंपण सुरू करण्याआधी मोटर ओळखून घ्या

दिवाळी झाली की आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, शिंपण सुरू होतं, आणि त्याच सुमारास माझ्या दुकानासमोर जळक्या मोटरी येऊन पडायला लागतात. पावसाचे चार महिने मोटर विहिरीवरच्या खोपटीत बंद असते, तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मग एका सकाळी थेट स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं जातं. थोड्या वेळात वॉर्निश जळल्याचा वास येतो, आणि दुपारी रिक्षा माझ्या दारात. "वहिनी, मोटर गेली."

दापोलीहून हर्णेकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत तारेची नवी वेटोळी (कॉइली) भरून देण्याचं, दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं, कॉइल भरायला त्यांनीच मला शिकवलं, आता दुकान मी बघते. मोटर वाइंडिंग करून देणं हा माझा धंदा आहे, तरीही सांगते की या मोटरींतल्या बऱ्याचशा वाचवता आल्या असत्या. त्यासाठी इंजिनीअर व्हायची गरज नाही. इंडक्शन मोटर, म्हणजे पंपावरची ही नेहमीची मोटर, आत काय करते एवढं एकदा नीट डोक्यात बसलं, की ती का गरम होते, का गुणगुणते, का जळते, हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं दिसतं.

आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, कोण फिरवतं?

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगते. घोड्याच्या नालेच्या आकाराचं लोहचुंबक घ्या आणि दोन्ही टोकं वर ठेवून ते गोल फिरवता येईल अशी सोय करा. त्याच्या वर जरा अंतर ठेवून अॅल्युमिनियमचं हलकं झाकण दोऱ्याने टांगा. चुंबकाच्या वाऱ्याने झाकण हलतंय अशी शंका नको, म्हणून मधे एक पुठ्ठा धरा. आता चुंबक फिरवा. अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरी झाकण हळूहळू चुंबकाच्या मागे फिरायला लागतं. तांब्याची चकती आणि चुंबकसुई घेऊन फ्रान्सच्या आरागोने १८२४ मध्ये हेच पाहिलं होतं. कारण कळलं ते १८३१ मध्ये, फॅराडेमुळे: धातूसमोरून चुंबकीय क्षेत्र सरकलं की धातूत करंट तयार होतो. त्या करंटवर चुंबकीय क्षेत्राचा जोर लागतो आणि धातू क्षेत्राच्या मागे ओढला जातो.

तुमच्या मोटरीत हेच घडतं. फरक एवढाच की तिथे चुंबक हाताने फिरवावं लागत नाही. बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजच्या (लाइनच्या तीन जिवंत वायरींच्या) कॉइली एकमेकींपासून १२० अंशांवर बसवलेल्या असतात. आर, वाय, बी या तिन्ही फेजचा करंट एकाच वेळी चढत-उतरत नाही, एकामागून एक चढतो. त्यामुळे स्टेटर जागचा हलत नाही, पण त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र मात्र गोल फिरत राहतं. ही युक्ती इटलीच्या गॅलिलिओ फेरारिसने १८८५ मध्ये दाखवली, अमेरिकेत निकोला टेस्लाने १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. आज आपण वापरतो तसा पिंजऱ्याचा रोटर घातलेली तीन फेजची मोटर दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनीअरने १८८९ मध्ये जर्मनीत बनवली. इतक्या वर्षांत लोखंड सुधारलं, तारेवरचं इनॅमल सुधारलं, मूळ रचना तीच राहिली.

हे क्षेत्र किती वेगाने फिरतं? १२० गुणिले ५० भागिले पोलची, म्हणजे कॉइलींनी तयार होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांची, संख्या. ५० म्हणजे आपल्या लाइनची फ्रिक्वेन्सी. दोन पोलच्या मोटरीत ३०००, चार पोलच्या मोटरीत १५००, सहा पोलच्या मोटरीत १००० फेरे मिनिटाला.

रोटर उघडून बघितला तर निराशा होईल इतका तो साधा असतो. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, त्यात ओतलेल्या अॅल्युमिनियमच्या सळ्या, दोन्ही टोकांना त्या सळ्या जोडणारी कडी. सळ्या जरा तिरक्या असतात, म्हणजे मोटर सुरू होताना अडकत नाही आणि आवाजही कमी करते. बाहेरून एकही वायर रोटरला जात नाही. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, ठिणगी नाही. तुमच्या मिक्सरमध्ये ब्रश असतात, ते झिजतात, मिक्सरचा कोळशाचा वास येतो तो त्यांचाच. मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची आहे. इंडक्शन मोटरीत झिजणारी वस्तू म्हणजे फक्त बेअरिंग.

मागे पडणं

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मोटरच्या पट्टीवर बघा, आरपीएम (मिनिटाला फेरे) २८८० लिहिलेलं असेल. क्षेत्र फिरतंय ३००० ने, मग रोटर २८८० नेच का? रोटर जर क्षेत्राच्या अगदी बरोबरीने फिरला, तर त्याच्या सळ्यांसमोरून क्षेत्र सरकणारच नाही. क्षेत्र सरकलं नाही तर करंट नाही, करंट नाही तर जोर नाही. म्हणून इंडक्शन मोटरला मागे पडावंच लागतं. या मागे पडण्याला स्लिप म्हणतात. ३००० मधून २८८० गेले, १२० राहिले, म्हणजे स्लिप ४ टक्के.

पंपावर भार वाढला की रोटर आणखी मागे पडतो. मागे पडला की सळ्यांसमोरून क्षेत्र जास्त जोरात सरकतं, रोटरचा करंट वाढतो, आणि तेवढा जादा करंट स्टेटर लाइनकडून ओढून घेतो. तार तापते ती या करंटने, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

मोटर सुरू करता तेव्हा रोटर थांबलेला असतो, म्हणजे स्लिप पूर्ण १०० टक्के. म्हणून सुरुवातीचा करंट नेहमीच्या सहा-सात पट असतो. ५ एचपीची मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अॅम्पिअर घेते, सुरू होताना पंचेचाळीस-पन्नास. दोन-तीन सेकंदांत ती वेग पकडते आणि करंट खाली येतो, त्यामुळे काही बिघडत नाही. पण पंप जाम असेल, किंवा एक फेज नसेल, तर रोटर फिरत नाही आणि तो पन्नास अॅम्पिअर तसाच वाहत राहतो. दिवाळीनंतर जळणाऱ्या मोटरी बहुतेक अशाच जळतात. मोटर 'आपोआप' जळाली असं गिऱ्हाईक म्हणतं. मी कॉइली बघते तेव्हा ती कशामुळे मागे पडली याची खूण तिथे सहसा सापडतेच.

बटण दाबण्याआधी

आधी मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. टेस्टरने तपासा. घाई असली तरी हे टाळू नका.

मागच्या पंख्याचं कव्हर काढा. पावसाळ्यात कुंभारमाशी तिथे मातीची घरं बांधते, कधी उंदीर गवत भरतो. हवा अडली की मोटर थंड होत नाही. साफ करून पंखा हाताने फिरवा. दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे. फिरत नसेल तर बहुधा पंपाचा इंपेलर (पाणी फेकणारं चाक) गंजून केसिंगला धरलेला असतो, किंवा शाफ्टभोवतीच्या ग्लँडची दोरी सुकून शाफ्ट आवळलेला असतो. हळूहळू मागे-पुढे करत सोडवा. पंखा जड फिरत असताना 'चालू झाली की सुटेल' म्हणून बटण दाबलं, की ते शंभर टक्के स्लिपचं प्रकरण झालं.

शाफ्ट वर-खाली हलवून बघा. लुळा लागला किंवा फिरवताना खरखर आली तर बेअरिंग बदला. बेअरिंग झिजून खराब झालं की रोटर स्टेटरला घासतो, मग वाइंडिंगसोबत लोखंडही जातं. ग्रीस घालायचं तर बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच. ठासून भरलेलं ग्रीस घुसळलं जातं आणि बेअरिंग तापवतं. दोन्ही बाजूंनी पत्रा लावलेलं बंद बेअरिंग असेल तर त्यात काही घालायचं नसतं.

पुढची पायरी आपल्या किनाऱ्यावर टाळून चालतच नाही: मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन शाबूत आहे का हे मोजणारं यंत्र. खाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते वाइंडिंगवर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. मोटरच्या वायरी स्टार्टरपासून सोडा, ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध एक मिनिट मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर चालू करायचीच नाही. एक ते पाचच्या मध्ये असेल तरी मी आधी सुकवायला सांगते. मेगर प्रत्येकाकडे नसतो, पण गावातल्या वायरमनकडे किंवा आमच्यासारख्या दुकानात असतो, आणि मोजायला पाच मिनिटं लागतात.

सुकवायचं कसं? रोटर काढून स्टेटरच्या पोटात शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, वरून पोतं टाका, पण पोतं बल्बला टेकू देऊ नका. रात्रभर लक्ष न देता ठेवायचं नाही. मधे मधे मेगर घेत राहा. सुरुवातीला वाइंडिंग तापलं की रीडिंग आधी खाली येतं. बघणारा घाबरतो, पण ते तसंच असतं. ओल निघायला लागली की आकडा चढतो, आणि चढून स्थिर झाला की समजायचं सुकली. सुकल्यावर वॉर्निशचा एक हात द्यावा.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराचं पाणी चिपळूणभर शिरलं, तेव्हा गाळाने भरलेल्या मोटरी आमच्यापर्यंत आल्या होत्या. चिखल तसाच वाळवलेल्या मोटरी चालू केल्याबरोबर गेल्या. ज्यांनी गाळ ओला असतानाच गोड्या पाण्याने धुऊन काढला आणि मग नीट सुकवलं, त्यांच्यातल्या कित्येक वाचल्या. खाडीचं पाणी शिरलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण मीठ उन्हात वाळतं, पण निघून जात नाही. पुढच्या दमट रात्री ते पुन्हा ओलं होतं.

स्टार्टरही उघडा. कॉन्टॅक्टवर हिरवं-काळं चढलं असेल, मुंग्यांनी घर केलं असेल, पाल चिकटून मेलेली असेल. एका कॉन्टॅक्टमध्ये असं काही अडकलं की तीनऐवजी दोनच फेज मोटरला जातात, आणि ते फार वाईट.

एक फेज गेला म्हणजे

चालू मोटरीचा एक फेज गेला तर ती लगेच थांबत नाही, म्हणून कळत नाही. दोन फेजवर ती ओढत राहते, आवाज जड होतो, रोटर मागे पडतो, उरलेल्या फेजमधला करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. बंद केलेली मोटर दोन फेजवर पुन्हा चालू होत नाही, नुसती घुमत राहते. तेव्हा पटकन लाल बटण दाबायचं. 'जरा बघू या' म्हणत धरून ठेवायचं नाही.

जळाल्यावर खूण स्पष्ट दिसते. मोटर डेल्टा जोडणीची (तिन्ही फेजच्या कॉइली त्रिकोणात जोडलेली) असेल, आणि आपल्याकडे ५ एचपी सहसा डेल्टाच असते, तर एकाच फेजच्या कॉइली काळ्या पडतात, बाकीच्या दोन फेजच्या नव्यासारख्या राहतात. लहान मोटर स्टारची (तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडलेली) असेल तर उलटं: दोन फेज काळे, एक स्वच्छ. सगळं वाइंडिंग सारखंच काळं असेल तर लोड जास्त होता किंवा व्होल्टेज कमी. दुकानात मोटर टाकलीत तर कॉइली कापण्याआधी तुम्हाला दाखवायला सांगा. कारण समजल्याशिवाय नवी वाइंडिंग बसवली तर तीही त्याच वाटेने जाते.

एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, त्याचा खर्च रिवाइंडिंगच्या तुलनेत किरकोळ आहे. आणि करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचा खटका मोटरच्या पट्टीवरच्या अॅम्पिअरवरच ठेवा. रिले सारखा पडतो म्हणून खटका वर सरकवणारे खूप भेटतात. पडणारा रिले मोटर वाचवत असतो, त्याला गप्प करू नका, कारण शोधा.

कमी व्होल्टेजचंही तसंच. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४१५ चे ३३० झाले, म्हणजे व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं, तर जोर ६४ टक्क्यांवर येतो. पंपाला हवा असलेला जोर मात्र फारसा कमी होत नाही. मग रोटर मागे पडतो आणि करंट वाढतो. साडेसातच्या जागी साडेनऊ झाला तर तारेतली उष्णता दीडपटीहून जास्त. वाइंडिंगच्या इन्सुलेशनला मर्यादा असते, बी क्लासला १३० अंश, एफ क्लासला १५५. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा या धंद्यातला जुना हिशोब आहे.

यात केबलचाही वाटा असतो. आपल्याकडे मीटर घराशी आणि विहीर आगराच्या खालच्या टोकाला. २०० मीटरवर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर ५ एचपीला चालताना पंधरा-सोळा व्होल्ट वाटेतच जातात, सुरू होताना पन्नासच्या वर. अॅल्युमिनियम असेल तर त्याच्या दीडपटीहून जास्त. म्हणून एवढ्या अंतराला चारची किंवा सहाची केबल घ्या. तो खर्च एकदाच होतो.

पाणी कमी आलं आणि मोटर ठीक असेल तर फिरण्याची दिशा बघा. बॉडीवर बाण असतो. लाइनचं काम झाल्यावर फेजचा क्रम उलटला तर मोटर उलटी फिरते. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की सरळ.

घरातली सिंगल फेज

घरच्या टाकीचा पंप, घरघंटी, छताचा पंखा, फ्रिजचा कॉम्प्रेसर, या बहुतेक सिंगल फेजच्या इंडक्शन मोटरी. एका फेजने क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी वाढतं आणि ओसरतं. म्हणून अशी मोटर एकटी सुरूच होत नाही. तिला दुसरी वाइंडिंग देतात आणि तिच्या वाटेत कंडेन्सर (कपॅसिटर) घालतात. कंडेन्सरमुळे त्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकतो, दोन क्षेत्रं एकामागून एक उठतात आणि फिरणं सुरू होतं. पंप नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. पंखा मंद झाला तरी तेच: त्यातला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वर्षांनी कमी होत जातो. बदलताना मूल्य तेच घ्या. मोठं घातलं की जास्त जोर मिळेल ही समजूत चुकीची आहे, त्याने वाइंडिंग तापतं. लाइट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना बल्बच्या वायरी टेकवून तो रिकामा करा.

आपल्या किनाऱ्यावर त्या कुठे कुठे आहेत

भातगिरण, लाकूडगिरण, काजूचे कारखाने, आंब्याचा रस काढणाऱ्या कॅनिंगच्या यंत्रणा, गावच्या नळपाणी योजना, सगळीकडे हीच मोटर. मला सगळ्यात आदर वाटतो तो बर्फाच्या कारखान्यातल्या मोटरीचा. बोटी बंदराला लागायच्या आधी बर्फ तयार लागतो, आणि अमोनियाचा कॉम्प्रेसर ओढणारी मोटर हंगामात दिवसरात्र फिरते, तीही मिठाच्या पाण्याच्या टाकीशेजारी. तिथे स्टार-डेल्टा स्टार्टर असतो, तो मोटर आधी स्टारमध्ये सुरू करतो आणि मग डेल्टात नेतो. सुरुवातीला वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्टच मिळतात, लाइनचा करंट एक तृतीयांश होतो. पण जोरही एक तृतीयांश होतो, म्हणून कॉम्प्रेसर लोड काढूनच चालू करायचा असतो. अशा जागेसाठी मोटर घेताना पट्टीवर आयपी ५५ बघा, म्हणजे धूळ आणि पाण्याची धार यांपासून संरक्षण. टर्मिनल बॉक्सचं रबर आणि केबल ग्लँड शाबूत नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

कोकण रेल्वेचं इंजिनही याच तत्त्वावर धावतं. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. डब्ल्यूएपी-७ इंजिनाच्या सहाही आसांवर तीन फेजच्या इंडक्शन मोटरी असतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा एकच फेज असतो, इंजिन त्यातून स्वतःचे तीन फेज बनवतं आणि फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून वेग सांभाळतं. उतारावर क्षेत्राचा वेग रोटरपेक्षा कमी ठेवला की रोटर पुढे आणि क्षेत्र मागे, मग तीच मोटर जनित्र होऊन गाडीला ब्रेक लावते आणि वीज तारेत परत पाठवते. रत्नागिरी स्टेशनवर गाडी सुटताना मी तो बदलत जाणारा सूर मुद्दाम ऐकत उभी राहते.

रिवाइंडिंग करावंच लागलं तर

जुन्या कॉइलीचे वेढे मोजून, तारेचा गेज (जाडी) मोजून तेवढंच भरा असं सांगा. वेढे कमी केले की मोटर जोरदार वाटते, पण बिनलोडचा करंट वाढतो आणि ती कायम तापते. जुन्या कॉइली काढताना स्टेटर भट्टीत लाल होईपर्यंत जाळू देऊ नका. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि लोखंडच तापायला लागतं. वॉर्निश घातल्यावर ते बेक केलेलं असलं पाहिजे, नुसतं उन्हात ठेवलेलं नको, आपल्या हवेत तर नाहीच.

मोटर ताब्यात घेताना दुकानातच बिनलोड चालवून टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) तिन्ही फेजचा करंट मोजून मागा. तो पूर्ण लोडच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मा असतो, आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. विहिरीवर बसवल्यावर पाणी चढत असताना पुन्हा मोजा. हे सहा आकडे, मेगरचं रीडिंग आणि तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. कागद दमट हवेत टिकत नाही. पुढच्या हंगामात मोजाल तेव्हा शेजारी जुना आकडा असेल, आणि एखादा फेज दीड अॅम्पिअरने वर गेलेला दिसला तर मोटर जळण्याआधीच दुकानात आणता येईल.